हात पोचेल एवढ्या अंतरावर

घाटकोपर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी उभं राहिलं, की उतरणाऱ्या विमानांची बाहेर आलेली चाकं स्पष्ट दिसतात. सहार विमानतळाची मुख्य धावपट्टी इथून पश्चिमेला जेमतेम अडीच-पावणेतीन किलोमीटरवर सुरू होते, त्यामुळे विमान इथे दीडशे मीटरच्या आसपास उंचीवर आलेलं असतं. खिडक्या मोजायला घेतल्या तर पहिल्या दहा-बारा मोजून होतात. मुलुंडहून माझी भाची आली की आम्ही दोघं तिथे दहा मिनिटं तरी थांबतोच. पूर्वी ती विमानाला टाटा करायची. २०२३ च्या दिवाळीनंतर मात्र ती विचारायला लागली, "मामा, ह्यात आया कुठे बसल्यात?"

त्या दिवाळीत ताई, भाची आणि मी नागपूरला गेलो होतो. तिकीट स्वस्तातलं, तिघांचं एकत्र काढलेलं. सीट निवडायचे वेगळे पैसे होते, ते आम्ही भरले नाहीत. एकाच तिकिटावर तिघं आहोत, त्यातली एक चार वर्षांची आहे, मग बसवतील शेजारीच, असं आम्ही धरून चाललो. हातात बोर्डिंग पास आले ते असे : ताई ९ ई, मी २७ ई आणि चार वर्षांची मुलगी २२ बी. आईपासून तेरा ओळी मागे, दोन अनोळखी माणसांच्या मध्ये.

तिला पट्टा लावता येत नव्हता. ती रडली नाही, नुसती पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिली. ते रडण्यापेक्षा वाईट होतं. शेवटी २२ ए वर बसलेला अंधेरीचा एक कॉलेजातला मुलगा उठला, म्हणाला, "काकी, तुम्ही इथे या." खिडकीच्या सीटसाठी त्याने पैसे मोजले होते आणि तो ९ ई च्या मधल्या सीटवर जाऊन बसला. त्याचे आभार मी मानले. पण नागपूर येईपर्यंत डोक्यात एकच प्रश्न घोळत होता : १८० सीटांच्या विमानात एका मुलीला आईशेजारची एक जागा मिळणं इतकं अवघड कसं काय असू शकतं?

घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि जे दिसलं त्याने मी थक्क झालो.

देशांतर्गत स्वस्त विमानसेवेतलं नेहमीचं विमान म्हणजे एअरबस ए-३२०. तीस ओळी, मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सीटा, अशा १८० सीटा धरू. कुठल्याही दोन सीटांची जोडी निवडायची तर असे प्रकार होतात १६,११०. यातल्या किती जोड्या खऱ्या अर्थाने शेजारच्या, म्हणजे मधला हात ठेवायचा दांडा दोघांत एक असलेल्या? एका ओळीत चार, तीस ओळींत १२०. म्हणजे रिकाम्या विमानात एका आईला आणि एका मुलाला डोळे मिटून जागा वाटल्या, तर ती दोघं शेजारी येण्याची शक्यता १३४ मध्ये एक. आमच्याबरोबर मोठी माणसं दोन होती, म्हणून भाचीला कुणा एकाशेजारी जागा मिळण्याची शक्यता जराशी बरी, ६७ मध्ये एक. आपल्याला मनातून वाटतं की एकत्र निघालेली माणसं आपसूकच एकत्र बसतात. गणित सांगतं की चिठ्ठ्या टाकल्या तर ती जवळजवळ कधीच एकत्र येत नाहीत. कुणीतरी मुद्दाम बसवावं लागतं.

आणि हे झालं विमान रिकामं असताना. विमान भरत जातं तेव्हाची गंमत आणखी खोल आहे. समजा प्रवासी कुठेही, कसेही बसत गेले. ९० सीटा उरल्या असतील तर तीन-तीनच्या साठ बाकांपैकी साधारण २२ बाकांवर दोन लागून जागा सापडतात. ३६ सीटा उरल्या तर असे बाक उरतात चार. १८ सीटा उरल्या तर सरासरी एक. रिकाम्या सीटा एक-पंचमांश झाल्या, पण शेजारच्या जागा एक-विसांशावर आल्या! कारण उघड आहे, पण मला ते कधी सुचलं नव्हतं. शेजार म्हणजे एक रिकामी जागा नव्हे, रिकाम्या जागेला लागून दुसरी रिकामी जागा. दोन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात, म्हणून सीटा निम्म्या झाल्या की शेजार जवळजवळ पावपट होतो. विमानातल्या जागा संपण्याच्या किती तरी आधी विमानातला शेजार संपतो.

प्रत्यक्षात तर माणसं कशीही बसत नाहीत. सगळ्यांना खिडकी हवी असते, नाहीतर वाटेकडची सीट. पैसे भरून आधी त्याच सीटा जातात. साठ खिडक्या आणि वाटेकडच्या साठ सीटा गेल्या, की विमानात अजून साठ जागा रिकाम्या असतात, एक-तृतीयांश विमान! पण त्या साठही मधल्या. त्यातली एकही दुसरीच्या शेजारी नाही. आमचे तीन बोर्डिंग पास पुन्हा बघा : ९ ई, २२ बी, २७ ई. तिन्ही मधल्या. आम्हाला कुणी मुद्दाम तोडलं नव्हतं. आमच्यापर्यंत येता येता शेजारच संपला होता.

या मधल्या सीटांची एक विलक्षण हकिकत ब्रिटनमध्ये घडली. २०१७ साली बीबीसीच्या 'वॉचडॉग' या ग्राहकांच्या कार्यक्रमाने चौघा-चौघांचे चार गट रायनएअरच्या चार विमानांतून पाठवले. कुणीही सीटचे पैसे भरले नव्हते. सोळाच्या सोळा जणांना मधली सीट मिळाली. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञ जेनिफर रॉजर्स यांनी हिशेब केला : निव्वळ योगायोगाने असं घडण्याची शक्यता ५४ कोटींत एक. पैसे न भरणाऱ्यांना आम्ही यादृच्छिकपणेच जागा देतो, हे कंपनीचं म्हणणं कायम राहिलं. खिडकीच्या आणि वाटेकडच्या जागा पैसे भरणाऱ्यांसाठी राखून उरलेल्या वाटल्या, तर वाटप चिठ्ठ्या टाकूनही होईल आणि सगळे मधल्या सीटवरही येतील. चिठ्ठ्या प्रामाणिक असतात, पण डब्यात कुठल्या चिठ्ठ्या टाकल्या हे महत्त्वाचं.

बोरिवली लोकलच्या बाकावरही तीनच जणांची जागा असते. पण तिथे चौथा येतो, "जरा सरका" म्हणतो, तिघं सरकतात आणि चौथी सीट जन्माला येते. कडेवर मूल घेतलेली बाई आली तर ते शब्द उच्चारायचीही गरज पडत नाही. विमानाचा बाक सरकत नाही. तिथे प्रत्येकाची जागा म्हणजे एक आकडा, एक अक्षर आणि एक पट्टा. लोकलमध्ये शेजार माणसं तिथल्या तिथे तयार करतात, विमानात तो दोन दिवस आधी एखाद्या संगणकाने राखून ठेवावा लागतो.

पूर्वी हे असं नव्हतं. २००३ साली एअर डेक्कनने आपल्याकडे स्वस्त विमानप्रवास आणला, तेव्हा सीटला नंबरच नसे, जो आधी चढेल त्याची जागा. धावपळ व्हायची, पण पोराचा हात धरून धावलेली आई त्याच्यासकटच बसायची. पुढे नंबर आले, मग नंबरांना किंमत आली. भाडं कमी ठेवायचं आणि जेवण, सामान, सीट यांचे पैसे वेगवेगळे घ्यायचे, ही पद्धत रुळली. ती मला मुळीच वाईट वाटत नाही. माझ्या आईसारखी असंख्य माणसं तिच्यामुळेच आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली. पाय पसरायला जास्त जागा हवी, पुढची ओळ हवी, त्याचे पैसे जरूर घ्यावेत. माझा प्रश्न एवढाच, की चार वर्षांच्या मुलीला आईशेजारी बसणं ही त्या यादीतली सोय आहे का?

उत्तर विमानानेच देऊन ठेवलं आहे.

उड्डाणाआधीची सूचना आठवा. हवेचा दाब कमी झाला तर वरून ऑक्सिजनचे मास्क खाली येतील, आधी स्वतःचा लावा, मग शेजारच्या मुलाला लावा. पस्तीस हजार फुटांवर दाब एकदम गेला तर माणसाचं भान तीस ते साठ सेकंदच शाबूत राहतं. म्हणून आधी स्वतःचा, कारण बेशुद्ध आई मुलाला काहीच मदत करू शकत नाही. पण या एका वाक्यात केवढं मोठं गृहीतक आहे! मूल हात पोचेल एवढ्या अंतरावर आहे, हे त्या सूचनेने धरूनच ठेवलंय. सीटची रुंदी साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर. बसल्या जागेवरून, पट्टा न सोडता, मोठ्या माणसाचा हात शेजारच्या चेहऱ्यापर्यंत पोचतो, तेरा ओळींपलीकडे नाही. मास्क आपल्याकडे ओढला तरच ऑक्सिजन सुरू होतो, हे चार वर्षांच्या मुलीला कोण सांगणार?

आणखी एक तपशील कळला तेव्हा मी पुन्हा वर बघितलं. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं, त्याला स्वतःची सीट नसते. म्हणून कित्येक विमानांत तीन सीटांच्या बाकावर मास्क चार असतात. चौथा मांडीवरच्या बाळाचा. एका बाकावर दोन तान्ही बाळं बसवत नाहीत ती याचसाठी. विमान बांधणाऱ्याने आई-बाळाचं अंतर छतात कोरून ठेवलंय. पण दोन वर्षं पूर्ण झाली, की मूल स्वतंत्र प्रवासी होतं, त्याला स्वतःची सीट, स्वतःचा पट्टा, स्वतःचा मास्क. आणि नेमकं तिथेच त्याचं आईशी असलेलं नातं आराखड्यातून निसटतं.

हेच विमानाच्या परीक्षेतही होतं. नव्या जातीच्या विमानाला परवाना मिळण्याआधी दाखवावं लागतं की अंधारात, निम्मीच दारं वापरून, सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात. या चाचणीच्या अमेरिकी नियमांत स्वयंसेवकांपैकी किती बायका, किती जण पन्नाशीपुढचे हे ठरलेलं आहे. बाळांऐवजी तीन बाहुल्या असतात आणि त्या प्रवाशांनी हातात घेऊन बाहेर पडायचं असतं. चार-पाच वर्षांची मुलं असावीत असं त्या नियमांत कुठेही नाही. जिचे पाय जमिनीला टेकत नाहीत पण जी कडेवर घेण्याएवढी लहानही नाही, तिला परीक्षेत जागाच नाही.

खऱ्या आगीत काय होतं? ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर १९७३ च्या ऑगस्टमध्ये समरलँड या करमणूक केंद्राला आग लागली, पन्नास माणसं गेली. वाचलेल्यांच्या जबान्यांवरून जोनाथन साइम या मानसशास्त्रज्ञाने माणसं कशी हलली याचा अभ्यास केला. माणसं सर्वांत जवळच्या दाराकडे धावतात, हा समज त्यातून मोडला. माणसं आधी आपल्या माणसाकडे जातात. एकत्र असलेली कुटुंबं एकत्र बाहेर पडली. मुलांपासून दूर असलेले पालक आधी मुलं शोधायला निघाले. आता ए-३२० ची मधली वाट डोळ्यांसमोर आणा, एका वेळी एकच माणूस जाईल इतकी अरुंद. सगळे दाराकडे येताहेत आणि नवव्या ओळीतली बाई बाविसाव्या ओळीकडे निघाली आहे. ती जाणारच. कुठल्याही सूचनेने ती थांबणार नाही. म्हणजे हा प्रश्न एका आईपुरता राहत नाही, तिच्या वाटेत येणाऱ्या सगळ्यांचा होतो.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं आणि पेटलं. आत ३७९ माणसं होती, त्यांत दोन वर्षांखालची आठ बाळं. सगळीच्या सगळी त्या विमानातून बाहेर पडली. ती दृश्यं बघताना माझं लक्ष त्या बाळांवरच खिळलं होतं. ती कुणाच्या तरी हातात होती.

आपल्याकडे नियम आला तो त्यानंतर काही महिन्यांनी. एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, विमान कंपन्यांना सांगितलं : बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना, त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आई-वडील किंवा पालकांपैकी किमान एकाबरोबर सीट द्या, आणि त्याची नोंद ठेवा. पसंतीच्या सीटचे पैसे घेण्याची मुभा राहिली, पण ज्याला ती सोय हवी त्यानेच घ्यायची, सक्ती नाही. कॅनडाने २०१९ च्या डिसेंबरपासून याच कामासाठी वयाची शिडीच लावली आहे. पाच वर्षांखालचं मूल पालकाच्या अगदी शेजारच्या सीटवर, पाच ते अकराचं त्याच ओळीत आणि मध्ये फार तर एक सीट सोडून, बारा-तेराचं फार तर एक ओळ पुढे-मागे. मला ती शिडी फार आवडली. चार वर्षांच्या मुलीला हात लागतो, दहा वर्षांच्या मुलाला नजर पुरते, तेरा वर्षांच्याला आई दिसणार नाही अशीच जागा हवी असते.

आपल्या नियमात कळीचा शब्द आहे पीएनआर. रेल्वेचा दहा आकडी पीएनआर आपल्या तोंडात बसलेला आहे, विमानाचा सहा अक्षर-आकड्यांचा. संगणकाच्या लेखी कुटुंब म्हणजे तेवढंच. आडनाव नाही, पत्ता नाही, चेहरेपट्टी नाही. बाबांचं तिकीट ऑफिसने काढलं, आईचं आणि मुलाचं घरून, तर मशीनच्या दृष्टीने बाबा परके. आजीने नातवाचं तिकीट आपल्याबरोबर काढलं आणि सून नंतर वेगळ्या तिकिटाने आली, तर नातू आजीचा. म्हणून एकत्र प्रवास करायचा असेल तर तिकीट एकत्र काढावं आणि मुलाचं वय अचूक भरावं. हे मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो.

वय मशीनला आधीपासूनच ठाऊक असतं, ही मला सर्वांत अजब वाटलेली गोष्ट. प्रत्येक उड्डाणाआधी विमानाचा तोल मांडला जातो. कोण कुठे बसलंय त्यावर विमानाचा गुरुत्वमध्य ठरतो, आणि त्यावर शेपटीचा आडवा पंख किती कलता ठेवायचा हे. त्यासाठी प्रवाशांना काट्यावर उभं करत नाहीत, ठरलेली वजनं धरतात. आपल्याकडे मोठा माणूस ७५ किलो, मूल ३५, तान्हं १०. म्हणजे आमच्या विमानाच्या कागदावर बाविसाव्या ओळीच्या भागात एक ३५ किलोचा प्रवासी मोजला गेला होता. ती मूल आहे हे विमानाला माहीत होतं! तोल सांभाळण्यापुरतं माहीत होतं.

मग आई-मुलाला शेजारी बसवणं अवघड आहे का? अजिबात नाही. ट्रंकेत भांडी भरताना आई आधी पातेली ठेवायची, मग उरलेल्या फटींत वाट्या आणि पेले. आधी वाट्या टाकल्या तर पातेलं कधीच बसत नाही, आणि दोष ट्रंकेचा नसतो. सीटवाटपही तसंच. ज्या पीएनआरवर मूल आहे त्यांची जोडी आधी बसवायची, आपत्कालीन दारांच्या ओळी वगळून, कारण तिथे मुलांना बसवतच नाहीत. एकेकटे प्रवासी मागून कुठल्याही फटीत मावतात. एका उड्डाणात अशी दहा-पंधरा मुलं धरली, तर तिकीटविक्री सुरू असतानाच तेवढे बाक राखून ठेवायचे. जागा तेवढ्याच, माणसं तेवढीच, फक्त क्रम बदलला की आई आणि मूल शेजारी येतात.

क्रमाचीच आणखी एक गोष्ट. जेसन स्टेफेन नावाच्या खगोलभौतिकशास्त्रज्ञाने २००८ मध्ये विमानात लवकरात लवकर कसं चढता येईल याचं उत्तर संगणकावर काढलं : आधी एकाआड एक ओळींतल्या खिडकीवाल्यांनी, मागून पुढे, मग उरलेल्या खिडक्या, मग मधल्या सीटा, शेवटी वाटेकडच्या. फार सुंदर पद्धत आहे. फक्त तिच्यात आई, बाबा आणि मूल तीन वेगवेगळ्या फेऱ्यांत चढतात. सर्वांत वेगवान विमान म्हणजे ज्यात प्रत्येक जण एकटा आहे. मुंबईला वेगाची गरज सर्वांत जास्त, कारण एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांमुळे इथे एका वेळी एकच वापरता येते आणि दिवसाला नऊशेच्या वर विमानं त्यावर ये-जा करतात. अशा घाईत, दार बंद व्हायला पाच मिनिटं राहिली असताना केबिन क्रूने "कुणी सीट बदलेल का?" असं हिंडत विचारायचं, ही क्रूमधल्या मुलींनाही शिक्षाच आहे. आमच्या विमानातली ती चार-पाच जणांना विचारून आली होती, तेव्हा कुठे अंधेरीचा तो मुलगा उठला. पुढच्या वेळी असा मुलगा नसेल, किंवा त्यालाही कुणाशेजारी बसायचं असेल.

गेल्या मे महिन्यात आम्ही पुन्हा नागपूरला गेलो. तिकीट एकत्र, सीटचे पैसे याही वेळी भरले नव्हते. बोर्डिंग पासवर होतं १७ ए आणि १७ बी. मी २४ ई, ते ठीकच. नियमात नोंद ठेवायला सांगितलंय, म्हणजे कुठल्या तरी संगणकात आता एक ओळ असणार की अमुक उड्डाणात अमुक मूल अमुक माणसाशेजारी बसलं होतं. चढताना भाचीने दोन्ही पास माझ्या हातातून घेतले, आकडे वाचले, आणि खिडकी तिच्याकडे आहे की आईकडे यावरून दोघींचं विमान सुटेपर्यंत भांडण चाललं होतं.